दिवेलागणीचा फोन

गेल्या चौदा वर्षांत आमच्या कंपनीतला एकही सर्व्हर आप्पांना आधी कळवल्याशिवाय मेलेला नाही. हे वाचून तुम्ही हसाल याची मला खात्री आहे. पहिली दोन वर्षं मीही हसत होते. मी कॉम्प्युटर इंजिनीअर बाई, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला आधी जाऊ देते आणि मग आपल्या वाटेने जाते, एवढीच काय ती माझी श्रद्धा. पण बेळगावजवळच्या येळ्ळूरहून रोज सकाळी स्कूटरवर येणारा हा साठीला टेकलेला माणूस, आमचा सगळ्यात जुना प्रोग्रामर, जिना चढता चढता मध्येच थांबतो, नाक वर करतो आणि "आज कुणाचं तरी बरं न्हाय," असं पुटपुटतो, तेव्हा आमच्या हपिसातली सगळी माणसं हातातला चहा खाली ठेवतात. मीही ठेवते. सवयीचा भाग आहे, दुसरं काही नाही.

आमचं काम तसं छोटं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या लहानमोठ्या दवाखान्यांत रक्ताच्या पिशव्या आणि लसी ठेवायचे फ्रीज असतात. त्यांच्या आत आमचं मुठीत मावेल एवढं यंत्र बसतं. ते दर मिनिटाला आतली थंडी किती ते बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या सर्व्हरला सांगतं, आणि थंडी कमी झाली की सर्व्हर त्या दवाखान्यातल्या माणसांना एकामागून एक फोन लावत सुटतो. आप्पा या सगळ्या यंत्रांना 'पोरं' म्हणतात. एकदा दुपारी ते डबा खात होते. भाकरीचा तुकडा तोंडात तसाच ठेवून म्हणाले, "निपाणीचं पोर आवंढा गिळतंय." आम्ही पडद्यावर पाहिलं, निपाणीसमोर हिरवा दिवा होता. आम्ही एकमेकांना डोळे मिचकावले. अर्ध्या तासाच्या आत निपाणीचं यंत्र गप्प झालं. नंतर आप्पांनी समजावून सांगितलं की त्यात जादूबिदू काही नाही. ते पोर रोज मिनिटाच्या पहिल्या सेकंदाला बोलतं, आज सकाळपासून तिसऱ्या सेकंदाला बोलायला लागलं होतं, मग पाचव्या. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक आकडे असतात, ते बघितले की कळतं. या खुलाशाने माझं एक दिवस समाधान झालं. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की जेवताना आप्पांची त्या पडद्याकडे पाठ होती.

सर्व्हरच्या खोलीत ते कधी चप्पल घालून गेले नाहीत, आणि खाकरल्याशिवायही गेले नाहीत. दाराशी उभं राहून दोनदा खाकरायचं, क्षणभर थांबायचं आणि मग आत पाऊल टाकायचं. आत कोण बसलंय म्हणून खाकरता, असं मी एकदा विचारलं. कोण नसेल तर काही बिघडत नाही आणि कोण असेल तर त्याला सावरून बसायला वेळ मिळतो, असं त्यांनी मला शांतपणे सांगितलं. त्या दिवसापासून मी एकटी त्या खोलीत गेले की गाणं म्हणते. पडद्यावरच्या हिरव्या दिव्यांवर त्यांचा मुळीच भरवसा नव्हता. आमचे मालक, ज्यांना आम्ही साहेब म्हणतो, ते पाहुण्यांना तो हिरवागार पडदा मोठ्या अभिमानाने दाखवत आणि आप्पा मागे उभे राहून मान हलवत. "हिरवं म्हंजे बरं न्हवं," ते म्हणायचे. "हिरवं म्हंजे शेवटचं इचारलं तवा बरं व्हतं."

आणि त्यांच्या टिपा. प्रोग्राम लिहिताना पुढच्या माणसाला कळावं म्हणून मधूनमधून दोन ओळींच्या टिपा लिहायची पद्धत असते. जगभर त्या इंग्रजीत लिहितात. आप्पा येळ्ळूरच्या मराठीत लिहितात. 'हितं एकदा पडलोय. सांभाळून.' 'ह्या आकड्याला हात लावू नये, लावलास तर मला सांगून लाव.' एका ठिकाणी नुसतंच, 'हितं मन रमत न्हाय.' धारवाडकडचा एक मुलगा नवीन नोकरीला लागला होता, त्याने माझ्याकडून या सगळ्याचा अर्थ समजावून घेतला आणि दुसऱ्या दिवशी गळ्यात ताईत घालून आला. गंमत अशी की आप्पांची टीप आहे तिथे खरोखरच काहीतरी दडलेलं असायचं. 'मन रमत न्हाय' या ओळीखाली मी आठवडाभर उकरलं तेव्हा एक चूक सापडली, जी फक्त लीप वर्षातच बाहेर पडली असती.

पण आप्पांची खरी ख्याती त्यांच्या बैठकीसाठी. एखादी सेवा बंद पडली की दुसऱ्या दिवशी ती का पडली याची चर्चा सगळ्याच कंपन्यांत होते. मोठ्या शहरांत त्यासाठी तक्ते असतात, रंगीत चौकटी असतात. आप्पांनी आमच्याकडे सुरू केलं ते मयताच्या घरी बसायला जातात तसं बसणं. खुर्च्या बाजूला सारून सतरंजी अंथरायची. त्या दिवशी हपिसात चहा करायचा नाही, दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून; चहा बाहेरून आणायचा. पहिली पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग आप्पा हळू आवाजात विचारायचे, कधी गेलं? आणि जरा थांबून, जायच्या आधी काय बोललं? की मग आमच्यातला एकजण यंत्राने बंद पडण्यापूर्वी लिहिलेल्या शेवटच्या दहा ओळी मोठ्याने वाचायचा. ते ऐकताना, खरं सांगते, माझ्या अंगावर काटा यायचा. 'जोडणी शोधत आहे. जोडणी शोधत आहे. कुणी नाही.' त्यानंतर ज्याने त्याने त्या वेळी आपण काय करत होतो ते सांगायचं. एकदा धारवाडचा तो मुलगा तावातावाने दुसऱ्याची चूक सांगायला लागला, तेव्हा आप्पांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मयताच्या घरी जाऊन कोण म्हणतंय व्हय, तुझ्यामुळं गेला म्हणून?" तो "साकु री, साकु री" म्हणत गप्प झाला, म्हणजे पुरे, चुकलो. त्या सतरंजीवर मी ज्या चुका कबूल केल्यात त्या मी नवऱ्यापुढेसुद्धा केलेल्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी साहेब बंगळूरला कसल्याशा संमेलनाला गेले आणि येताना एआय घेऊन आले. म्हणजे प्रोग्राम लिहून देणारं एआय. काय हवं ते साध्या भाषेत सांगायचं की ते भराभर लिहून मोकळं. ज्या कामाला आम्हाला आठवडा लागायचा ते जेवणाच्या सुट्टीआधी होऊ लागलं. आम्ही सगळे खूश झालो, थोडे घाबरलो, आणि घाबरलोय हे लपवायला आणखी खूश झालो. आप्पांनी त्याचं नाव 'पाव्हणं' ठेवलं. रोज सकाळी ते त्याला नमस्कार लिहायचे आणि जेवण झालं का विचारायचे. मी जेवत नाही, असं त्याने नम्रपणे उत्तर दिलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. खोटं बोलत नाही, चांगल्या घरचं दिसतं, म्हणाले. पण त्याच्या हाती मूळ प्रोग्राम द्यायला मात्र त्यांची तयारी नव्हती. पाहुण्याला सोप्यात बसवावं, चहा द्यावा, चार गोष्टी विचाराव्यात. माजघरात कशाला न्यायचा, असं त्यांचं म्हणणं. साहेबांनी ते ऐकलं आणि पाहुण्याला थेट स्वयंपाकघराची किल्ली दिली.

मग एके दिवशी पाहुण्याने लिहिलेला एक भाग आप्पा तपासत होते. तपासता तपासता थांबले. एका ओळीवर टीप होती, 'हितं जपून. पाणी खोल हाय.' त्यांनी ती दोनदा वाचली, मग आम्हाला एकेकाला विचारलं, हे कुणी लिहिलं? कुणीच लिहिलं नव्हतं. आप्पांनीही नव्हतं. पाहुण्याने त्यांची वर्षानुवर्षांची टिपणं वाचली होती आणि आता ते स्वतःहून येळ्ळूरचं बोलू लागलं होतं. आम्हाला हसू आलं, पण ते लगेच विरलं, कारण आप्पांचा चेहरा मी पूर्वी कधी तसा पाहिला नव्हता. आरशात पाहावं आणि आरशातल्या माणसाने आधी मान वळवावी तसा. मग मला म्हणाले, "बोलतंय माझ्यासारखंच गं. पण मी भिऊन लिवलंय, ह्यानं बघून लिवलंय."

या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला असता तर पुढचं घडलं नसतं. गेल्या वर्षी एक मोठा दवाखाना आमच्याकडे येणार होता आणि त्याआधी जुना प्रोग्राम स्वच्छ करायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं. मी ते पाहुण्याला सांगितलं. त्याने एका दमात तीनशे-साडेतीनशे बदल सुचवले. आमचा नियम होता की प्रत्येक बदल आप्पांनी बघायचा, पण एवढे बदल बघायला त्यांना महिना लागला असता, म्हणून साहेबांनी तोड काढली: एका पाहुण्याचे बदल दुसऱ्या पाहुण्याने, म्हणजे दुसऱ्या एका एआयने, तपासायचे. दुसऱ्या पाहुण्याने पहिल्याची फार स्तुती केली. पहिले चाळीस बदल मी स्वतः नीट वाचले. मग माझे डोळे जड झाले आणि मी नुसती 'हो' दाबत गेले. त्यात एक बदल असा होता. पाहुण्याने लिहिलं होतं की रोज संध्याकाळी सहा पन्नासला इथून एका क्रमांकावर फोन जातो, तो क्रमांक कुठल्याही दवाखान्याचा नाही, त्या फोनचा पुढे कसलाही उपयोग केलेला नाही, सबब काढून टाकावा. त्या ओळीवर आप्पांची टीप होती: 'ही ओळ काढू नये. कारण विचारू नये.' पाहुण्याने म्हटलं होतं, टीप कालबाह्य दिसते, सोबत काढली आहे. दुपारचे चार वाजले होते. मी 'हो' दाबलं.

आप्पा नेहमीप्रमाणे सहाला घरी गेले. गेली काही वर्षं ते दिवेलागणीच्या आत येळ्ळूर गाठतात, कितीही काम असो. मी पसारा आवरत होते. सव्वासातच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली आणि आप्पा दारात उभे. अंगात घरचा सदरा, खांद्यावर पंचा, चेहरा घामाने डबडबलेला. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं. कुणी नाही, सगळं हिरवं आहे, मी सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. सरळ सर्व्हरच्या खोलीत शिरले, आणि खाकरले नाहीत. त्याची मला जास्त भीती वाटली. मग पडद्यासमोर बसून त्यांनी एकेक पोर तपासलं, खानापूरपासून निपाणीपर्यंत, बोट लावून, शाळेत हजेरी घ्यावी तसं. सगळी जागेवर होती. आप्पांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मग माझ्या घरातला फोन का वाजला न्हाय?"

मला तो चार वाजताचा बदल आठवला. सतरंजीची सवय असल्यामुळे मी काही लपवलं नाही. केव्हा काढलं, कसं काढलं, न वाचता 'हो' दाबलं, सगळं सांगितलं. आप्पा रागावले नाहीत. ते खुर्चीवरून उठून खाली जमिनीवर बसले, म्हणून मीही बसले. मग त्यांनी त्या ओळीची गोष्ट सांगितली. कंपनी सुरू झाली तेव्हा फोन लावणारं यंत्र नवीन होतं आणि आप्पांना एकच धास्ती होती: ज्याने संकटात हाक मारायची त्याचाच आवाज बसला तर कळणार कसं? त्याला रोज एकदा हाक मारायला लावायला हवी. पण रोज खोटा फोन घ्यायला कुठला दवाखाना तयार होणार? म्हणून त्यांनी आपल्या बायकोचा, आक्कांचा नंबर घातला. रोज सहा पन्नासला येळ्ळूरच्या घरात तिचा फोन वाजायचा. वाजला की आक्कांना कळायचं, पोरं ठीक आहेत आणि आपला माणूस आता निघेल. मग त्या देवापुढे दिवा लावायच्या आणि भात टाकायच्या. नाही वाजला तर त्या हपिसात फोन करून एवढंच सांगायच्या की आज वाजला नाही. असं दहा वर्षांत दोनदाच झालं. दोन्ही वेळा फोनचं यंत्र खरोखर बंद पडलं होतं आणि आमच्या पडद्यावर सगळं हिरवं होतं. त्या दोन्ही दिवसांची मला आठवण आहे, कारण आप्पांच्या नाकाची कीर्ती त्यामुळेच वाढली होती. त्या नाकातलं अर्धं नाक आक्कांचं होतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

आक्का तो फोन उचलून बोलायच्याही. पलीकडे फक्त यंत्र आहे हे त्यांना माहीत होतं. काय बोलायच्या ते आप्पांनाही ठाऊक नाही, पण नोंदीत रोज उत्तर मिळाल्याचं दिसायचं, दहा-अकरा सेकंदांचं. "त्या मशिनला कान न्हाईत, म्हटलं तिला," आप्पा सांगत होते. "तर म्हणाली, तुमास्नी तरी कुठं हाईत?" हे सांगून ते हसले, आणि मग हसायचं तसंच अर्धवट राहून गेलं.

कारण चार वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ आम्हा दोघांनाही एकदमच आठवली. आप्पा माझ्या टेबलाशी उभं राहून मला काहीतरी समजावून सांगत होते. बोलता बोलता त्यांची नजर पडद्याच्या कोपऱ्याकडे गेली आणि ते वाक्याच्या मध्यावर थांबले. तसेच निघून गेले. कुणाचा फोन नाही, निरोप नाही. आक्का गेल्याचं आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि आम्ही एकमेकांत म्हणालो की आप्पांच्या नाकाला तेही कळलं. कोपऱ्यात त्यांनी काय वाचलं ते मला आता समजत होतं. सहा पन्नास, उत्तर नाही. घरी पोचले तेव्हा आक्का देवापुढे बसल्या जागीच गेलेल्या होत्या, वात हातात होती.

त्यानंतर तेरा दिवस त्यांनी तो फोन बंद ठेवला होता. "घर लई गप झालं गं," ते म्हणाले. म्हणून पुन्हा सुरू केला. आक्कांचा फोन ते रोज चार्ज करतात, महिन्याचे पैसे भरतात. सहा पन्नासला तो वाजतो. ते उचलत नाहीत, तिचा फोन आपण कसा उचलायचा म्हणून. शेवटपर्यंत वाजू देतात, मग उठून दिवा लावतात. आणि आज तो वाजला नव्हता.

मी उठले. पाहुण्याने मदत करू का विचारलं, त्याला मी बंद केलं. ती ओळ मी स्वतःच्या हाताने, अक्षर न अक्षर, होती तशी परत लिहिली, वरची टीपही. मग चालते का हे बघायला तिथल्या तिथे एकदा फोन लावला. आप्पा माझ्या शेजारी उभे होते. पडद्यावर अक्षरं उमटली, 'वाजत आहे.' मी मनात येळ्ळूरचं ते बंद घर पाहत होते, अंधारातला तो फोन. मग अक्षरं बदलली. 'उत्तर मिळालं.' सेकंद मोजले जाऊ लागले, एक, दोन, तीन. अकराला फोन बंद झाला. आप्पांनी सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. घराची किल्ली तिथे होती, ती खुळखुळली. मुलगी गुंजीला दिलेली, दुसरं कुणी घरात नाही. आप्पांनी पंचाने तोंड पुसलं आणि म्हणाले, "बरं, मी जातो. दिवा लागला असंल."

दुसऱ्या दिवशी मी पाहुण्याला विचारलं. त्याने मला पाच कारणं दिली. फोन कंपनीची ध्वनिमुद्रित सूचना लागली तरी यंत्र ते उत्तर धरतं, हे त्यातलं पहिलं. पाचही पटण्याजोगी होती. मी पहिलं धरलं आणि आजही धरून आहे. दिवा लागला होता का हे मी आप्पांना विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. कुठल्याही बिघाडावर बैठक घेणाऱ्या आप्पांनी या एका गोष्टीसाठी सतरंजी अंथरली नाही.

पण मला झोप येईना ती वेगळ्याच कारणाने. आक्का गेल्या हे आप्पांना त्या एका ओळीने सांगितलं होतं. उद्या आप्पांना काही झालं तर? फोन वाजेल, कुणी उचलणार नाही, नोंद होईल, उत्तर नाही. आक्का गेल्यापासून रोज तीच नोंद होत होती. आप्पा असल्याची नोंद आणि आप्पा नसल्याची नोंद हुबेहूब सारखी होती. मी हे त्यांना एका दुपारी स्पष्ट सांगितलं. म्हटलं, तुम्ही जिवंत आहात हे यंत्राला कळत नाही आप्पा, फोन उचलायला लागा. ते दुखावले. तीन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलले. मग एकदा सकाळी माझ्या टेबलाशी आले आणि जणू कालचंच बोलणं पुढे नेत असल्यासारखं विचारलं, उचलून बोलू काय? काही बोलू नका, उचलून ठेवा, मी म्हटलं. आणि तुम्ही उचलला नाहीत तर यंत्र मला फोन करेल, असं मी लिहिते. यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला पहिल्या वर्षाची उमेदवार झाल्यासारखं वाटलं. "आणि मशीनच गेलं तर? तुझा फोन वाजायचाच न्हाय. तू बसशील, म्हातारा बरा हाय म्हणून."

तेव्हा आम्ही दोघांनी बसून उलटं केलं. आप्पांनी फोन उचलून परत खाली ठेवला की यंत्र मला एक रिंग देतं. रिंग आली म्हणजे सगळं ठीक, आप्पाही आणि यंत्रही. नाही आली तर मी येळ्ळूरला जायचं. पहिल्या दिवशी त्यांनी दोन सेकंदांत फोन ठेवला, चटका बसल्यासारखा. दुसऱ्या दिवशी चार. महिन्याभरात मिनिटभर होऊ लागलं. काय बोलतात मला ठाऊक नाही. ती ओळ मी लिहिली आहे, त्या यंत्राला कान नाहीत हे माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल. पाहुण्याने मध्यंतरी सुचवलं की हे बोलणं ध्वनिमुद्रित करून त्याचा थोडक्यात गोषवारा देता येईल. मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा 'कारण विचारू नये' असं लिहिलं.

अशी आता माझी संध्याकाळ झाली आहे. सहा पन्नासला मी फोन ओट्यावर ठेवते आणि कुणाशी बोलत नाही. आप्पा जितका वेळ बोलतात तितका वेळ माझा फोन गप्प असतो, आणि मला आतून भीती वाटत राहते, आणि ते बोलणं लवकर संपावं असं म्हणायची लाजही वाटते. माझा नवरा पहिले काही दिवस हसला, आता तोही तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवतो. नाकाच्या गोष्टींवर हसणारी मी, एका रिंगेसाठी कान टवकारून बसते.

काल आप्पा निवृत्त झाले. शाल झाली, नारळ झाला, साहेबांचं भाषण झालं, धारवाडचा मुलगा रडला. आप्पांनी पाहुण्यालाही रीतसर निरोप लिहिला, सांभाळून राहा म्हणून. सहाला ते स्कूटर काढून वडगावच्या रस्त्याला लागले. सहा पन्नासला मी ओट्याशी उभी होते. पंचावन्न झाले, सात झाले. सात वाजून तीन मिनिटं झाली तरी रिंग नाही. मी नवऱ्याला काही सांगितलं नाही, चपला घातल्या, फोन आणि स्कूटरची किल्ली घेतली आणि निघाले. जिना अर्धा उतरले होते तेव्हा हातातला फोन एकदाच वाजला आणि थांबला. मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. काल आप्पांकडे सांगायला बरंच होतं.